अंत्रवृद्धि ऊर्फ अंतर्गळ : निदान व शस्त्रोपाय यांचा इतिहास

(१) प्रास्ताविक

जुन्या दप्तरांत सनद, महजर किंवा करीना सांपडला कीं आपण तो जपून ठेवतों. पण त्याच रुमालांत बांधलेलें काढ्यांचें व लेपांचें बाड हातीं आलें तर तें 'किरकोळ' म्हणून बाजूस पडतें. प्रस्तुत लेखकानेंहि आयुष्यांत हेंच केलें. वैद्यकाच्या पोथ्यांकडे त्याचें लक्ष वळलें तें संशोधनाच्या ओढीनें नव्हे, तर स्वतःच्या दुखण्यामुळें. आणि त्या दुखण्याची हकीकत थोडक्यांत सांगितल्यावांचून या लेखाचें प्रयोजन ध्यानांत येणार नाहीं.

वर्धा जिल्ह्यांतील आमच्या गांवीं घरच्या माळ्यावरून पोथ्यांचा एक जड गठ्ठा उतरवीत असतां उजव्या जांघेंत कांहीं तुटल्यासारखें वाटलें. संध्याकाळीं तेथें सुपारीएवढी फुगवटी दिसली. रात्रीं निजल्यावर ती नाहींशी झाली. सकाळीं उठून चालूं लागतांच ती पुन्हां हजर. चाळीस वर्षें विद्यार्थ्यांस संस्कृत शिकविलेल्या माणसास असल्या जागेचें दुखणें चार लोकांत बोलून दाखविण्याची लाज वाटली. संग्रहांतील एका बाडांत 'वृद्धीवर लेप' असा मथळा होता. तो लेप मीं आठ महिने लाविला. फुगवटी सुपारीची लिंबाएवढी झाली. मग एके दिवशीं सहज म्हणून सुश्रुताचें निदानस्थान उघडलें आणि माझें दुखणें अक्षरशः तेथें लिहिलेलें आढळलें. ज्या ग्रंथांतील उतारे मीं वर्गांत कित्येक वेळां शिकविले, त्यांतील वैद्यकाकडे मीं कधीं वैद्यक म्हणून पाहिलेंच नव्हतें. या रोगाची ओळख आपल्या ग्रंथांतून कशी होते, शस्त्रोपायाचा विचार कोठून कोठें आला आणि आज रोग्यापुढें कोणते मार्ग आहेत, याचा आढावा येथें घेतला आहे.

(२) नांवांचा घोटाळा

आयुर्वेदांत 'वृद्धि' हें वृषणाच्या व वंक्षणाच्या, म्हणजे जांघेच्या, वाढीचें सामान्य नांव आहे. सुश्रुतानें तिचे सात प्रकार सांगितले आहेत : वात, पित्त, कफ, रक्त, मेद, मूत्र व अंत्र. पहिल्या पांचांचें वर्णन त्या त्या दोषाच्या किंवा धातूच्या लक्षणांवरून केलेलें आहे. उरलेल्या दोन प्रकारांत मात्र वाढीच्या आंत प्रत्यक्ष काय आहे, हेंच नांवांत सांगितलें आहे. मूत्रवृद्धींत द्रव असतो. तीस हल्लीं हायड्रोसील म्हणतात, यद्यपि त्या द्रवाचा मूत्राशीं संबंध नाहीं. अंत्रवृद्धींत आंतडें असतें. तीच मराठींतील अंतर्गळ व आजची हर्निया. लोकभाषेंत दोहोंनाहि सरसकट 'अंडवृद्धि' म्हणतात, आणि येथेंच अनर्थाचें बीज आहे.

कारण या दोहोंवरील उपाय परस्परांहून अगदीं भिन्न आहेत. मूत्रवृद्धीवर सुश्रुत असें सांगतो कीं, शेक देऊन भाग वस्त्रपट्टानें वेष्टावा, सेवनीच्या म्हणजे मधल्या शिवणीच्या बाजूस खालीं व्रीहिमुख नांवाच्या शस्त्रानें वेध करावा, दोन तोंडांची नळी घालून द्रव काढून टाकावा, नळी काढावी व स्थगिका बंध बांधावा. हीच क्रिया अंत्रवृद्धीवर झाली तर शस्त्र आंतड्यांत शिरेल आणि रोगी दगावेल. 'मूत्रजा' व 'अंत्रजा' हे शब्द हातानें लिहिलेल्या पोथींत एकमेकांपासून किती थोडे दूर आहेत, हें पोथ्या वाचणाऱ्यांस सांगावयास नको. पहिलें अक्षर वाळवीनें खाल्लें कीं उरतें तें दोन्ही ठिकाणीं सारखेंच. माझ्या बाडाच्या लेखकानें तर भेदच न ठेवतां नुसतें 'वृद्धीवर' असें लिहिलें होतें. लेपानें प्राण जात नाहीं म्हणून मी वांचलों. मथळ्याखालीं शस्त्राचा उपाय असता आणि कोणी तो करणारा भेटता, तर हा लेख लिहिला गेला नसता. पाठभेद नोंदविण्याच्या कामास आपण पंडिती हौस समजतों. वैद्यकग्रंथांत पाठभेद हा जीवनमरणाचा प्रश्न असूं शकतो.

(३) सुश्रुताचें निदान

निदानस्थानाच्या बाराव्या अध्यायांत अंत्रवृद्धीचें वर्णन आहे. त्याचा आशय असा : जड ओझें उचलणें, आपल्याहून बलवानाशीं झुंजणें, झाडावरून पडणें, अशा विशेष आयासांनीं वायु प्रकुपित होतो, तो स्थूलांत्राचा किंवा इतर आंतड्याचा एक भाग घेऊन खालीं वंक्षणसंधीपाशीं येतो आणि तेथें गांठीच्या रूपानें राहतो. उपचार न केल्यास कालांतरानें ती गांठ फलकोशांत म्हणजे वृषणाच्या पिशवींत उतरते. तेव्हां फुगविलेल्या बस्तीसारखी लांबट सूज दिसते. दाबली असतां ती आवाज करीत वर जाते. सोडली असतां पुन्हां फुगते.

या वर्णनांत चार गोष्टी विशेष लक्षांत घेण्याजोग्या आहेत. पहिली, रोगाचा आरंभ वृषणांत नसून जांघेंत आहे, हें स्पष्ट सांगितलें आहे. दुसरी, गांठ म्हणजे नवीन मांस वाढलेलें नसून जागा सोडलेलें आंतडें आहे. तिसरी, तें लहान असो वा मोठें, त्याचा 'एक भागच' येतो. चौथी व सर्वांत महत्त्वाची, म्हणजे दाबून पाहण्याची परीक्षा. आजचा सर्जन रोग्यास उभें करून खोकावयास सांगतो, गांठीस हात लावून धक्का बसतो कीं नाहीं हें पाहतो, मग त्यास निजवून गांठ आंत जाते कीं काय याची परीक्षा करतो. आंतडें आंत जातांना होणारी गुडगुड त्यासहि ओळखीची आहे. मूत्रवृद्धीविषयीं सुश्रुत म्हणतो कीं ती चालतांना पाण्यानें भरलेल्या पखालीप्रमाणें हलते. दाबून वर जाण्याचें लक्षण तेथें नाहीं. एकाच अध्यायांत जवळजवळ ठेवलेलीं हीं दोन लक्षणें वाचलीं म्हणजे लिहिणाऱ्यानें रोगी हातानें तपासले होते, याविषयीं शंका राहत नाहीं.

वायूची उपपत्ति मात्र आज टिकत नाहीं. गर्भावस्थेंत वृषण पोटांतून खालीं उतरतांना जो मार्ग राहतो तो पुरता न मिटणें, किंवा वयपरत्वें पोटाची भिंत त्या जागीं सैल पडणें, हें मूळ कारण होय. जुनाट खोकला, मलावरोध, लघवीस जोर करावा लागणें व ओझें उचलणें यांनीं पोटांतील दाब वाढतो आणि आंतडें त्या वाटेनें बाहेर ढकललें जातें. आयासाचें निमित्त सुश्रुतानें बरोबर ओळखलें. वाटेचें शारीर त्यास ज्ञात नव्हतें.

(४) सुश्रुताची चिकित्सा व तिची मर्यादा

चिकित्सास्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायाच्या आरंभींच एक सूचक गोष्ट आहे. वृद्धीच्या रोग्यास पथ्य सांगतांना ग्रंथकार अंत्रवृद्धि वगळून इतर सहांविषयींच बोलतो. पुढें अंत्रवृद्धीचा विचार स्वतंत्रपणें येतो. गांठ कोशांत उतरली नसेल तर वातवृद्धीचा क्रम चालवावा. ती वंक्षणांत असेल तर अर्धचंद्राकृति तोंडाच्या शलाकेनें तेथें डाग द्यावा. कोशांत उतरलेली असेल तर ती सोडून द्यावी, म्हणजे असाध्य समजावी. डागाचा हेतु एका शब्दांत दिला आहे : मार्गावरोध. याखेरीज उलट बाजूच्या आंगठ्याची त्वचा भेदून तेथें डागण्याचाहि विधि आहे. त्याची उपपत्ति आजच्या शास्त्रास देतां येत नाहीं, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

'मार्गावरोध' या शब्दापाशीं मात्र थांबावेंसें वाटतें. आंतडें आंत ढकलणें हा उपाय नव्हे, तें ज्या वाटेनें येतें ती वाट बुजविणें हा उपाय, हें तत्त्व त्यांत आहे. डागलेल्या जागीं व्रण भरतांना कठीण पेशी बनतात आणि वाट आंखडते, अशी कल्पना असावी. तत्त्व खरें, साधन अपुरें. वरून दिलेला डाग त्वचेखालच्या स्नायूंच्या थरांतील भगदाड बुजवूं शकत नाहीं.

येथें एक प्रश्न उभा राहतो. हाच ग्रंथ बद्धगुदोदरांत, म्हणजे आंतड्याचा मार्ग अडला असतां, नाभीखालीं डाव्या बाजूस पोट उघडून आंतडें बाहेर काढून तपासावयास सांगतो, आणि आंतड्यास छिद्र असेल तर तें काळ्या मुंग्यांच्या चाव्यानें सांधण्याचा विधि देतो. एवढें धाडस असणारा ग्रंथकार कोशांतील अंत्रवृद्धीस हात कां लावीत नाहीं? माझ्या मतें उत्तर असें : बद्धगुदांत रोगी मरणारच असतो, म्हणून साहस क्षम्य ठरतें, अंत्रवृद्धीचा रोगी पुष्कळ वर्षें जगूं शकतो, आणि भूल व जंतुनाशन यांवांचून कापणें म्हणजे त्याचें उरलेलें आयुष्य पणास लावणें. 'असाध्य' हा शब्द येथें अज्ञानाचा नसून विवेकाचा आहे. उत्तरकालीन बाडांतून 'वृद्धि निश्चयें जाय' अशा थाटाचीं आश्वासनें आढळतात, तेव्हां मूळ ग्रंथाचा हा संयम मनावर अधिकच ठसतो. उलटपक्षीं, आमच्या पूर्वजांस हर्नियाची शस्त्रक्रिया अवगत होती असें जे म्हणतात त्यांनींहि हा अध्याय वाचावा. रोगाची ओळख होती, तत्त्व गवसलें होतें; शस्त्रक्रिया नव्हती.

(५) वाग्भट, यादवकाल व वरदातीर

वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या निदानस्थानांत अकराव्या व चिकित्सास्थानांत तेराव्या अध्यायीं हा विषय घेतला आहे. कारणांत त्यानें थंड पाण्यांतील अवगाहन, वेगांचें धारण, ओझें, मार्गक्रमण व अंगाची वेडीवांकडी हालचाल हीं घातलीं. दाबतां आंत जाणें व सोडतां बाहेर येणें हीं लक्षणें राखलीं. आणि असाध्यतेचा निर्णयहि राखला.

महाराष्ट्रांत वाग्भटाचा अभ्यास किती खोल होता याची साक्ष देवगिरीच्या यादवांच्या काळांत मिळते. महादेव व रामचंद्र यांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि यानें अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन ही टीका लिहिली. त्याच्या आश्रयास असलेला बोपदेव हा केशव वैद्याचा पुत्र व धनेशाचा शिष्य. पिता व गुरु यांचें वास्तव्य वरदेच्या तीरावरील सार्थ नांवाच्या ग्रामीं होतें. केशवाच्या सिद्धमंत्र या द्रव्यगुणविषयक ग्रंथावर बोपदेवानें प्रकाश नांवाची टीका केली. वरदा म्हणजे आमची वर्धा; १८६२ सालीं नागपूर जिल्ह्यांतून वेगळा काढलेला आमचा जिल्हा आणि १८६६ सालीं पालकवाडी येथें वसविलेलें शहर या दोहोंनीं तिचेंच नांव घेतलें. मुग्धबोध व्याकरणाचा कर्ता म्हणून बोपदेवास आम्ही संस्कृतवाले ओळखतों. तो वैद्याचा मुलगा व स्वतः वैद्यकाचा ग्रंथकार होता, हें आम्ही विसरतों.

अष्टांगहृदय अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं १८८० सालीं मुंबईस छापून प्रसिद्ध केलें. हरिशास्त्री पराडकर यांच्या १९३९ च्या निर्णयसागरी आवृत्तींत हेमाद्रीची टीकाहि आली. परंतु ती समग्र ग्रंथावर उपलब्ध नाहीं. निदान व चिकित्सा या स्थानांतील वृद्धीच्या अध्यायांवर हेमाद्रीचें एखादें पान कोणाच्या दप्तरांत निघालें, तर त्याचें मोल एखाद्या सनदेहून कमी नाहीं. सुश्रुताच्या बाबतींत असा लाभ झालाहि आहे : काठमांडूच्या कैसर ग्रंथालयांतील इ. स. ८७८ ची ताडपत्र पोथी छापील पाठाहून अनेक शतकें जुनी आहे, आणि तिच्यावरून संहितेचें जुनें रूप पुन्हां तपासलें जात आहे.

(६) पश्चिमेकडील इतिहास

युरोपांतील वाटचालहि सरळ नव्हती. रोमन लेखक सेल्सस यानें इ. स. च्या पहिल्या शतकांत या रोगाच्या शस्त्रक्रियेचें वर्णन केलें. मध्ययुगांत गांवोगांव फिरणारे लोक गांठीबरोबर वृषणहि कापून टाकीत. सोळाव्या शतकांत आंब्राज पारे या फ्रेंच सर्जननें या क्रूर प्रथेचा निषेध केला व पट्ट्याचा पुरस्कार केला. गी द शोल्याक यानें १३६३ च्या आपल्या ग्रंथांत जांघेंतील व मांडीच्या मुळाशीं येणारी हर्निया यांतील भेद दाखविला होता. पुढें आस्ले कूपर यानें १८०४ व १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांनीं या जागेचें शारीर उलगडलें. १८४६ सालीं भूल आली, १८६७ सालीं लिस्टरची जंतुनाशक पद्धति आली, आणि मग इटलींत पादुआ येथें एदुआर्दो बास्सिनी यानें १८८४ पासून मार्गाची मागची भिंत टांक्यांनीं नव्यानें उभारण्याची रीत बसविली. सुश्रुताचा 'मार्गावरोध' खऱ्या अर्थानें येथें सिद्ध झाला.

बास्सिनीच्या रीतींत एक उणीव होती. दूरचे स्नायु ओढून शिवल्यामुळें टांक्यांवर ताण येई आणि कांहींची गांठ पुन्हां उद्भवे. टोरोंटोच्या शाऊल्डिस यानें थरावर थर शिवून ती उणीव पुष्कळ कमी केली. १९५८ च्या सुमारास अमेरिकेंत अशर यानें कृत्रिम धाग्याची जाळी वापरण्यास आरंभ केला, आणि लॉस एंजेलिस येथील लिख्टेनस्टाईन यानें १९८४ पासून ताण न देतां भगदाडावर जाळी बसविण्याची रीत रूढ केली. जुन्या वस्त्राचें भोंक ओढून शिवण्याऐवजीं ठिगळ लावावें, तसें हें आहे.

(७) महाराष्ट्रांतील दोन प्रयत्न

या इतिहासांत महाराष्ट्राचें नांव घेण्याजोगे दोन प्रयत्न आहेत. धुळे जिल्ह्यांतील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांस खेड्यांतील रोग्यांस परदेशी जाळीची किंमत परवडत नाहीं, हें रोज दिसत होतें. त्यांनीं मच्छरदाणीचें कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरलें व २००३ सालीं अनेक ठिकाणच्या अनुभवासह तें प्रसिद्ध केलें. पुढें युगांडांत ३०२ पुरुषांवर स्वस्त मच्छरदाणीची जाळी व बाजारी जाळी यांची तुलना झाली. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एका वर्षाअखेर दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाहीं.

दुसरा प्रयत्न पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांचा. रोग्याच्या स्वतःच्याच बाह्य स्नायूच्या कंडरापटलाची पट्टी एका बाजूनें जोडलेली ठेवून तीच मागच्या भिंतीस शिवावयाची, म्हणजे परक्या जाळीची गरज नाहीं, अशी त्यांची रीत. ती त्यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केली. पोलंडमध्यें २०८ रोग्यांवर तिची लिख्टेनस्टाईन रीतीशीं तुलना होऊन २०१२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांच्या अवधींत दोहोंचें यश सारखेंच दिसलें.

(८) ओळख व आजचे मार्ग

आतां जें माझ्या हातून झालें नाहीं तें वाचकांच्या हातून व्हावें म्हणून थोडें स्पष्ट लिहितों. जांघेंत, बेंबीपाशीं किंवा जुन्या शस्त्रक्रियेच्या व्रणावर फुगवटी येणें. ती उभें राहतां, खोकतां वा जोर करतां वाढणें व निजतां कमी होणें. दिवसाअखेर तेथें जडपणा वाटणें, हीं ओळखीचीं लक्षणें होत. चार पुरुषांत सुमारें एकास आयुष्यांत केव्हां तरी जांघेची हर्निया होते. तेव्हां यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. स्त्रियांत तिचें प्रमाण कमी. पण मांडीच्या मुळाशीं येणारा प्रकार त्यांच्यांत अधिक व तो अडकण्याचा संभवहि अधिक, म्हणून तेथें विलंब करूं नये. लहान मुलाच्या जांघेंतील हर्नियासहि वाट पाहणें योग्य नव्हे. तेथें जाळी लागत नाहीं, केवळ उघडी राहिलेली पिशवी बांधली जाते. तान्ह्या मुलाच्या बेंबीची फुगवटी मात्र बहुधा चार-पांच वर्षांत आपोआप मिटते.

त्रास नसलेल्या पुरुषानें लक्ष ठेवून थांबणें हाहि एक मान्य मार्ग आहे. अमेरिकेंत ७२० पुरुषांवर झालेल्या व २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत थांबलेल्यांपैकीं आंतडें अडकण्याचे प्रसंग फारच विरळा आढळले. परंतु पुढील पाहणींत दहा वर्षांत थांबलेल्यांपैकीं दोनतृतीयांशांहून अधिक जणांनीं शेवटीं त्रासामुळें शस्त्रक्रिया करून घेतली. पट्टा गांठ धरून ठेवतो, वाट बुजवीत नाहीं. शस्त्रक्रिया उघडी किंवा दुर्बिणीची असते. उघडी केवळ त्या जागेस भूल देऊनहि होऊं शकते, म्हणून वृद्धांस व हृदयरोग्यांस ती सोयीची. दुर्बिणीच्या रीतीस बहुधा पूर्ण भूल लागते, पण दोन्ही बाजूंस हर्निया असतां किंवा पूर्वीं उघडी शस्त्रक्रिया होऊन पुन्हां उद्भवली असतां ती विशेष उपयोगी, व कामावर परतणेंहि लवकर होतें. कोणत्याहि रीतीनंतर कांहीं थोड्यांस जांघेंत दीर्घकाळ दुखत राहतें, हें अगोदर विचारून घ्यावें.

एक प्रसंग मात्र विचार करीत बसण्याचा नव्हे. एरवीं आंत जाणारी गांठ आंत जाईनाशी झाली, ती ताठ व दुखरी झाली, वांती सुरू झाली, वारा वा मळ सरेनासा झाला, तर आंतडें आंवळलें गेलें असें समजावें. तेव्हां बळेंच दाबूं नये, लेप लावूं नये, सकाळची वाट पाहूं नये. कांहीं तासांतच आंतड्याचा तो भाग मरूं शकतो. त्याच घटकेस इस्पितळ गांठावें.

(९) उपसंहार

आमच्या जिल्ह्यांत ही अडचण पूर्वींइतकी राहिलेली नाहीं. डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकारानें १९६९ सालीं सेवाग्राम येथें वैद्यकीय महाविद्यालय निघालें तें खेड्यांतील रोग्यांसाठींच. ज्या गांधींच्या आश्रमाभोंवतीं तें उभें राहिलें, त्यांनीं १९०९ च्या हिंद स्वराज्यांत डॉक्टरांवर कठोर टीका केली होती. आणि त्यांनींच १२ जानेवारी १९२४ रोजीं पुण्याच्या ससून रुग्णालयांत कर्नल मॅडॉक यांच्या हातून आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया करून घेतली. मध्येंच वीज गेली व कंदिलाच्या उजेडांत ती पुरी झाली. शस्त्राविषयीं संशय बाळगणाऱ्यानेंहि वेळ आली असतां शस्त्राखालीं जाण्यांत कमीपणा नाहीं, एवढा बोध मीं त्यांतून घेतला. माझी शस्त्रक्रिया जागीच भूल देऊन झाली. दुसरे दिवशीं मी घरीं आलों. गठ्ठा मात्र आतां शिष्य उतरवितो.

त्या बाडावर मीं आतां चिठी लावून ठेवली आहे : 'वृद्धि सप्तविध, येथें भेद सांगितलेला नाहीं, अंत्रवृद्धीस लागू करूं नये.' संग्राहकांस विनंति अशी कीं, वैद्यकाचें बाड हातीं आल्यास तें किरकोळ म्हणून टाकूं नये; त्याची यादी करतांना रोगाचें नांव जसें लिहिलें असेल तसें उतरावें, 'मूत्र' कीं 'अंत्र' हें भिंग घेऊन पाहावें, आणि अक्षर गेलें असेल तर तें गेलें आहे असेंच नोंदवावें, अदमासानें भरूं नये. आणि रुमाल उतरवितांना जांघेंत कांहीं तुटल्यासारखें वाटलें, तर पोथी नंतर उघडावी. आधीं वैद्य गांठावा. इत्यलम्.